मॅरेथॉनच्या लढाईत ग्रीक खरंच आठ स्टेडिया धावत गेले का?

मैदानमास्तर

नमस्कार मंडळी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. क्रीडासप्ताहाच्या आदल्या दिवशी मुलांना मॅरेथॉनची गोष्ट सांगायची, हा माझा अठरा वर्षांचा नेम आहे. इ.स.पू. ४९० मध्ये ग्रीकांनी पर्शियन फौज हरवली, एक जण धावत अथेन्सला गेला, "आपण जिंकलो" म्हणाला आणि कोसळला. मुलं टाळ्या वाजवतात, मी शिट्टी वाजवतो, सराव सुरू होतो.

यंदा गोष्ट संपली आणि आठवीतली एक मुलगी उठली. "सर, निरोप द्यायला एक जण पळाला. मग लढाईत बाकीचे काय उभेच होते?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो" म्हणालो, त्याला आता तीन आठवडे झाले. रोज प्रार्थनेच्या रांगेत ती माझ्याकडे बघते.

म्हणून ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथाचा सहावा भाग वाचायला घेतला. त्यात लिहिलंय की दोन फौजांमध्ये किमान आठ स्टेडिया अंतर होतं. बळी दिले, शकुन चांगला निघाला, आणि अथेन्सवाले पर्शियनांवर धावत सुटले. सोबत घोडदळ नाही, तिरंदाज नाहीत, माणसंही थोडी, तरी पळत येतायत हे बघून पर्शियनांना वाटलं की यांना वेड लागलंय. धावत शत्रूवर तुटून पडणारे आपल्या माहितीतले हे पहिलेच ग्रीक, असंही तो म्हणतो.

एक स्टेडियन म्हणजे साधारण १८० मीटर धरला तर आठ स्टेडिया दीड किलोमीटरच्या आसपास जातात. ढाल सहा ते आठ किलोची. शिवाय काशाचं शिरस्त्राण, छातीवरचं चिलखत, पोटऱ्यांवरचे पत्रे, सात-आठ फुटी भाला, तलवार. जुन्या पुस्तकांत सगळं मिळून तीस किलो म्हणतात, नव्या अभ्यासकांचा कल वीसच्या आतबाहेर आहे. मी वीसच धरतो.

पोलीस भरतीला १६०० मीटर धावावं लागतं. माझी माजी विद्यार्थी पोरं त्याची तयारी करताना मी रोज बघतो. रिकाम्या हातांनी, चांगले बूट घालून पळतात, तरी रेषा ओलांडली की गुडघ्यावर हात ठेवून वाकतात. त्या क्षणी त्यांच्या हातात भाला देऊन "आता लढा" म्हटलं तर?

तर प्रश्न असा, की हे शक्य आहे का? आणि नसेल, तर हिरोडोटसने असं का लिहिलं? पोरीला खरं उत्तर द्यायचंय.

शिलालेख

मास्तर, आधी तुमच्या विद्यार्थिनीला माझा आशीर्वाद सांगा. पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, हा प्रश्न मला एकाही वर्गाने विचारला नाही.

तुमच्या गोष्टीत एक दुरुस्ती सुचवते. निरोप्याची जी धाव हिरोडोटस सांगतो ती लढाईच्या आधीची आहे आणि वेगळ्याच दिशेची. फिलिपिडीस नावाचा निरोप्या (काही हस्तलिखितांत फायडिपिडीस) मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला, सुमारे २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी पोचला. स्पार्टावाले म्हणाले, पौर्णिमा झाल्याशिवाय निघता येणार नाही. लढाईनंतर अथेन्सला धावत जाऊन प्राण सोडण्याची कथा प्लुटार्कच्या लेखनात येते, म्हणजे पाचशे वर्षांहून जास्त काळानंतर, आणि तिथे धावणाऱ्याचं नाव दुसरंच आहे. १८९६ च्या ऑलिंपिकमधली शर्यत त्या उशिराच्या कथेवरून आली. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा. खऱ्या धावेची आठवण म्हणून १९८३ पासून अथेन्स ते स्पार्टा अशी २४६ किलोमीटरची शर्यत होते, ती मुलांना जरूर सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ही शंका जुनी आहे. हान्स डेल्ब्रुक या जर्मन इतिहासकाराने ही धाव अशक्यच ठरवली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही अभ्यासकांनी तरुण विद्यार्थ्यांना ढालीएवढं वजन देऊन ट्रेडमिलवर पळवलं, आणि ढाल छातीसमोर धरून लांबवर पळणं जमत नाही असं त्यांना दिसलं. उलट बाजूला हेही खरं, की इ.स.पू. ५२० पासून ऑलिंपियाच्या खेळांत शिरस्त्राण आणि ढाल घेऊन धावायची शर्यत होती. ती मात्र दोन स्टेडियांची, आठांची नव्हे.

हिरोडोटसचा जन्म लढाईनंतरचा, साधारण इ.स.पू. ४८४ चा. त्याने ऐकलं असेल ते लढून आलेल्या म्हाताऱ्यांकडून किंवा त्यांच्या मुलांकडून. आणि मूळ वाक्यं नीट पाहा. "अंतर आठ स्टेडियांपेक्षा कमी नव्हतं" हे एक वाक्य आहे, "धावत गेले" हे वेगळं. सगळं अंतर एका दमात, एकाच वेगाने कापलं असं त्याने म्हटलेलं नाही, ते आपण जोडून वाचतो.

निवृत्त सुभेदार

मास्तर, रामराम. ताई, नमस्कार. प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून जरा उशिरा लिहितोय.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. बेळगावच्या सेंटरला रिक्रूट म्हणून गेलो, सुभेदार होऊन गावी आलो. ग्रीक मला येत नाही. वजन घेऊन पळणं आणि पोरांना पळवणं, एवढंच येतं.

आमच्या वेळी फौजेत बीपीईटी म्हणून परीक्षा असायची. त्यात पाच किलोमीटरची दौड असायची, पाठीवर पिट्ठू, हातात रायफल. पहिल्या महिन्यात रिक्रूट ओकतो, सहाव्या महिन्यात तोच हसत येतो. तेव्हा वीस किलो आणि दीड किलोमीटर या आकड्यांना मी घाबरत नाही. माझी शंका ढालीबद्दल होती. पिट्ठूत कांबळं घट्ट घडी करून भरलं, पट्टे आवळले, की तो पाठीला चिकटतो, तुमच्याबरोबर पळतो. सैल राहिला तर दर पावलाला कंबरेत हाणतो आणि एका किलोमीटरात माणूस बसतो. ही ग्रीक ढाल कशी धरायची ते चित्रात बघितलं. मधोमध पट्टा, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि कडेजवळची दोरी मुठीत पकडायची. म्हणजे डावा हात वाकलेला, बंद, हलवायचा नाही. मास्तर, तुम्हाला सांगायला नको, हात हलला नाही की पायाची लय जाते.

म्हणून करून बघितलं. आमच्या गावात भरतीची तयारी करणारी सोळा पोरं पहाटे साडेपाचला माळावर येतात. गावच्या सुताराकडून प्लायच्या चार गोल ढाली करून घेतल्या, तीन फूट व्यासाच्या. भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक सात किलोच्या जवळ भरली. मधे सायकलच्या जुन्या टायरचा पट्टा, कडेला नायलॉनची दोरी. चिलखताच्या जागी फवारणीचा पंप पाठीला लावला, त्यात आठ लिटर पाणी. उजव्या हातात बांबू.

पहिल्या दिवशी चार पोरं सोडली, दीड किलोमीटर, जमेल तेवढं जोरात. चारही पोचली. पण कशी? तिसऱ्या मिनिटाला ढाल खाली आली, गुडघ्यावर आपटायला लागली. एकाने ती पाठीवर टाकली, एकाने बांबू टाकून दोन्ही हातांनी मिठी मारली. पोचल्यावर बांबू छातीच्या उंचीला धरा म्हटलं, तर टोक थरथरत होतं. असा माणूस मी मोर्चावर घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ही ढाल सपाट नसते, आतून खोल असते, थाळीसारखी. खोलगट असल्याने तिची वरची कड डाव्या खांद्यावर टेकवता येते. सुताराकडून कडेला आतल्या बाजूने लाकडी पट्टी मारून घेतली, खांद्यावर टेकेल अशी. फरक लगेच दिसला. वजन खांद्याने घेतलं, हात मोकळा नाही झाला पण सुटका झाली. तीच पोरं हळू दौडीने दीड किलोमीटर आली आणि उभी राहून बोलू शकली.

तिसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा पोरांची एक रांग केली. ढाली चारच, बाकीच्यांनी खताच्या पिशवीत सात किलो वाळू भरून डाव्या कुशीत धरली. आता हुकूम असा, की रांग मोडायची नाही. पूर्ण वेगाने सोडलं तर चारशे मीटरवर पहिला आणि शेवटचा यांच्यात चाळीस पावलं पडली. मग दुसऱ्यांदा भरभर चालत आणलं आणि शेवटचे दोनशे मीटर पळवलं. रांग वाकडी झाली, पण तुटली नाही. शेजारच्याचा खांदा शेवटपर्यंत दिसत होता.

दोनशेच का, तर तेवढ्यात बाणाचा मारा सुरू होतो. पर्शियन फौजेचा भर धनुष्यावर. त्यांच्या पुढच्या फळीत वेताच्या मोठ्या ढाली मांडलेल्या, मागून बाण. मिनिटाला सहा बाण धरले तरी दोनशे मीटर चालत आलास तर एकेक धनुर्धारी तुझ्यावर बारा-तेरा बाण सोडणार. पळालास तर निम्मे. म्हणून तिथे पळायचं. त्याच्या आधी दम खर्च करणारा अधिकारी मूर्ख, आणि अथेन्सचा सेनापती मिल्टिआडीस मूर्ख नव्हता.

एक शब्दाची गोष्ट. ताई, हिरोडोटसचा शब्द "ड्रोमो" असा आहे असं वाचलं. तुम्ही त्याचा अर्थ "धावत" सांगता. आमच्या कवायतीत हुकूम आहे, "दौड के चल". ऐकणाऱ्याला वाटेल की पळायचंय. प्रत्यक्षात ती ठेक्यातली, लहान पावलांची, शेजाऱ्याला धरून चाललेली चाल असते. माझा कौल असा, की ते आठ स्टेडिया "दौड के चल" गेले आणि शेवटच्या दोनशे मीटरला जीव खाऊन सुटले. लढून आलेला म्हातारा नातवाला हे दोन वेग वेगळे करून सांगत बसेल का? तो म्हणणार, "पळत गेलो रे आम्ही."

पण मास्तर, त्या लढाईत मला धाव सगळ्यात मोठी वाटत नाही. पुढचं वाचा. अथेन्सची मधली फळी पातळ होती, थोड्याच रांगांची, कारण रांग पर्शियनांइतकी लांब करायची होती. दोन्ही बाजू दाट ठेवल्या. मधली फळी फुटली. समोर खुद्द पर्शियन आणि शक उभे होते, त्यांनी ती फोडून आत मुसंडी मारली. पण दोन्ही बगलांवर अथेन्सवाले आणि त्यांचे साथीदार प्लॅटियावाले जिंकले, समोरचे पळायला लागले. आणि इथे हिरोडोटस लिहितो, पळणाऱ्यांना त्यांनी पळू दिलं, दोन्ही बगला एकत्र आणल्या आणि मधे घुसलेल्यांवर वळले.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. शत्रू पाठ दाखवून पळतोय, अंगात रक्त उसळतंय, आणि त्या क्षणी थांबायचं. वळायचं. माझ्या २४ वर्षांत पगारी, शिकवलेल्या, शिस्तीच्या जवानांना सरावात सुद्धा त्या जागी थांबवताना घसा फुटलाय. हे लोक तर शेतकरी होते, कुंभार होते, तेलाचे घाणे चालवणारे होते. ढाल-भाला स्वतःच्या पैशाने घेतलेला. त्यांना कुणी आणि कसं थांबवलं, हे मला अजून कळलेलं नाही. धावणं चार महिन्यांत शिकवता येतं, मास्तर. हे नाही येत.

मैदानमास्तर

सुभेदारसाहेब, काय लिहू? तुमचा प्रतिसाद मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. गणिताचे सर तास विसरले.

खांद्यावर कड टेकवायची गोष्ट मी लगेच स्वयंपाकघरातली परात घेऊन करून बघितली. खरंच, हाताचा अर्धा भार जातो.

वळण्याबद्दल माझीही एक शंका. त्यांचं ते शिरस्त्राण चित्रात कान झाकणारं दिसतं. डोळ्यांना दोन फटी, बाकी सगळं बंद. मग हुकूम ऐकू कसा यायचा?

इंजिनरूम

मास्तर, मी यावर थोडं लिहू शकेन, कारण ते शिरस्त्राण मी अगदी जवळून पाहिलंय.

मी जहाजावर इंजिनियर आहे, मूळ रत्नागिरीचा. मधली चार वर्षं एका प्रवासी जहाजावर होतो. ग्रीसच्या पश्चिमेला कटाकोलो नावाचं छोटं बंदर आहे, तिथून ऑलिंपिया जवळ. एकदा दिवसभराची सुटी मिळाली आणि संग्रहालयात गेलो. एका काचेच्या पेटीत हिरवट पडलेलं काशाचं शिरस्त्राण आहे, माथ्याकडे खाल्लेलं. गालाच्या खालच्या कडेला अक्षरं कोरलेली, इतकी बारीक की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. अर्थ असा, की मिल्टिआडीसने हे झ्यूसला वाहिलं. मॅरेथॉनचा सेनापती मिल्टिआडीस! त्याच संग्रहालयात एक निमुळतं, साध्या टोपीसारखं पर्शियन शिरस्त्राण आहे, त्यावर कोरलंय की अथेन्सवाल्यांनी मीड लोकांकडून घेऊन झ्यूसला दिलं. मीड म्हणजे त्यांच्या भाषेत पर्शियनच.

मी मिल्टिआडीसच्या त्या शिरस्त्राणापुढे पाऊण तास उभा होतो. कानाच्या जागी भोक नाही, सलग पत्रा आहे. आत अस्तर असणार, त्यामुळे आवाज आणखी दबणार. डोळ्यांच्या फटीतून समोरचं दिसेल, बाजूचं फारसं नाही. नाकावरून पट्टी उतरते ती तोंडापर्यंत.

आता माझ्या कामातला अनुभव सांगतो. इंजिनरूममध्ये कानावर मफ लावल्याशिवाय जाता येत नाही. आत कुणी कुणाशी बोलत नाही, ओरडून उपयोगच नसतो. तरी आठ जण एकाच वेळी एकच काम करतात. हाताची खूण चालते, खांद्यावर थाप चालते, आणि सगळ्यात जास्त चालतं ते शेजारच्याचं अंग. तो थांबला की आपण थांबतो, का थांबला ते नंतर कळतं. वर्षभर एकत्र काम केलेल्या माणसाची मान वळली तरी समजतं. नवा माणूस असला की हे होत नाही.

अथेन्सची फौज दहा गणांची होती, प्रत्येक गण एकत्र उभा राहायचा. गणात ओळखीची, नात्यातली, शेजारच्या बांधावरची माणसं असणार. सुभेदारसाहेब, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे असेल. हुकूम एकाने ऐकला, बाकीच्यांनी शेजाऱ्याचा खांदा ऐकला.

पुढे एकदा जहाज पिरेअसला दुरुस्तीसाठी लागलं, तेव्हा मॅरेथॉनलाही जाऊन आलो. अथेन्सपासून चाळीस किलोमीटर. मैदान सपाट, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, मधे मातीचा गोल उंचवटा, नऊ-एक मीटर उंच. त्याखाली त्या दिवशी पडलेले १९२ अथेनियन आहेत. रणांगणावरच त्यांना अग्नी दिला आणि तिथेच माती लोटली. उत्खननात राखेचा थर आणि काळ्या चित्रांच्या छोट्या तेलकुप्या निघाल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणे लढाईतले मृत घरी अथेन्सला नेऊन पुरायचे, यांना मात्र मान म्हणून जिथे पडले तिथेच ठेवलं. उन्हात उभा होतो, भोवती दुसरं कुणी नव्हतं. चप्पल काढली.

शिलालेख

सुभेदारसाहेब, "दौड के चल" हे वाचून मी माझ्या जुन्या टिपणांच्या समासात लिहून ठेवलं. पस्तीस वर्षांत मला न सुचलेला अर्थ तुम्ही एका हुकुमात दिलात.

इंजिनियरसाहेबांच्या गणांच्या मुद्द्याला जोड देते. प्लुटार्क सांगतो की मधल्या पातळ फळीत लिऑन्टिस आणि अँटिओकिस हे दोन गण होते. एकात थेमिस्टोक्लीस, दुसऱ्यात अरिस्टायडीस, पुढच्या दहा वर्षांतले अथेन्सचे दोन मोठे प्रतिस्पर्धी, त्या दिवशी फुटलेल्या फळीत शेजारी शेजारी. लढाईनंतर पर्शियन आरमार वळसा घालून अथेन्सकडे निघालं, तेव्हा बाकीचे गण पाय नेतील तितक्या वेगाने शहराकडे गेले आणि आरमाराच्या आधी पोचले. अरिस्टायडीसचा गण मागे ठेवला, कैदी आणि लूट सांभाळायला. ज्या गणाने सगळ्यात जास्त सोसलं त्यालाच थांबवलं असावं, असं मला नेहमी वाटत आलंय.

आणखी एक, मुलांना आवडेल म्हणून. लढाईआधी अथेन्सवाल्यांनी आर्टेमिस देवीला नवस बोलला होता, जितके शत्रू मारू तितक्या शेळ्या वाहू. हिरोडोटस शत्रूचे मृत ६४०० सांगतो. एवढ्या शेळ्या आणायच्या कुठून? मग ठरलं, दर वर्षी पाचशे. झेनोफन सुमारे नव्वद वर्षांनंतरचा, तो लिहितो की नवस अजून फेडणं चालू आहे. या शेळ्यांच्या हिशेबामुळेच ६४०० हा आकडा मला बराचसा विश्वासाचा वाटतो. देवीला बोललेली गोष्ट लोक मोजून ठेवतात.

पर्शियन बाजूने या लढाईचं एकही वर्णन आपल्यापर्यंत आलेलं नाही, हे मात्र वर्गात सांगायला विसरू नका. बुडालेल्या, पळालेल्या त्या माणसांचीही घरं होती.

नवीन सभासद

ताई, एक विचारू का? पर्शियन फौजेत आपल्याकडचेही लोक होते असं ऐकलं. खरं आहे का?

शिलालेख

मॅरेथॉनला होते असा उल्लेख नाही. दहा वर्षांनी, इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सम्राट झर्क्सीस स्वतः ग्रीसवर चालून गेला, त्या फौजेच्या यादीत हिंदी सैनिक आहेत. हिरोडोटस त्यांचा वेश सांगतो. झाडावर पिकणाऱ्या लोकरीचे कपडे, म्हणजे आपला कापूस. वेताची धनुष्यं, वेताचे बाण आणि त्यांना लोखंडी टोकं. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या निर्णायक लढाईतही ते शकांच्या शेजारी उभे होते. सिंधूच्या काठचा तो मुलूख तेव्हा पर्शियन साम्राज्यात होता, तिथली ही माणसं. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जोडू नये.

आपल्या मातीशी खरा धागा आहे तो एका शब्दाचा. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक पर्शियनांविरुद्ध उठले, अथेन्सने त्यांना वीस जहाजं पाठवली, पर्शियनांच्या ताब्यातलं सार्डिस शहर जळालं, आणि त्याचा जाब विचारायला पर्शियन सम्राट दरायसने मॅरेथॉनला फौज धाडली. त्या आयोनियनांना पर्शियन "यौना" म्हणायचे. आपला "यवन" शब्द त्याच मुळाचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत, जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं कोरलेली आहेत. मॅरेथॉननंतर पाच-सहाशे वर्षांची ही गोष्ट. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना कार्ल्याला न्यायची, त्या अक्षरांवर बोट फिरवायला लावायची. ब्राह्मीतलं "यवन" एकदा वाचता आलं की मुलं पुढचा प्रत्येक खांब शोधत सुटायची.

मैदानमास्तर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल शनिवारी सकाळच्या शाळेत करून बघितलं, ते सांगतो.

आठवीची बेचाळीस मुलं. दप्तर डाव्या हातात, छातीशी. मैदानावर चुन्याने रेघ मारली, समोर दीडशे मीटरवर नववीची मुलं उभी केली. मधे एकच ओळ, दोन्ही टोकांना तिहेरी. आधी चाल, मग खुणेच्या दगडापासून दौड. बगलेच्या मुलांना सांगितलं होतं, समोरचे पळाले की पाठलाग करायचा नाही, थांबायचं आणि आत वळायचं. मी शिट्टी देईन.

शिट्टी दिली. निम्मी मुलं कुंपणाजवळच्या कडुलिंबापर्यंत पळत गेली. ऐकलीच नाही म्हणाली, आणि त्यांच्या कानावर काहीही नव्हतं. परत बोलावलं, पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला मी शिट्टी वाजवलीच नाही. इंजिनियरसाहेबांचं आठवून प्रत्येक तुकडीत एकाच वाडीची, एकाच एसटीने येणारी मुलं शेजारी शेजारी उभी केली, आणि फक्त टोकाच्या एकाला सांगितलं की तू वळ. तो वळला. त्याच्या मागे सगळी बगल वळली. तीन-चार जण सोडून.

आणि ती मुलगी. ती मुद्दाम मधल्या पातळ ओळीत उभी राहिली होती. नववीच्या मुलांनी तिला दोनदा ढकलून पाडलं, कोपर खरचटलं. पाणी पिताना माझ्याजवळ आली. मी विचारलं, मिळालं का उत्तर, बाकीचे काय करत होते?

ती म्हणाली, "हो सर. पण मधल्या लोकांना आधी सांगितलं होतं का, की तुमच्या मागे कुणी नाही?"

सुभेदारसाहेब, पुन्हा मी गप्प झालो. हे तुम्हीच सांगा.

निवृत्त सुभेदार

मास्तर, तिला सांगा, सांगावं लागत नाही. रांगेत उभं राहिलं की मागच्याचा श्वास मानेवर लागतो, त्याच्या ढालीची कड पाठीला टोचते. त्या दिवशी मधल्यांना ती टोचली नसेल. त्यांना पहिल्या पावलालाच कळलं असणार, आणि तरी ते आठ स्टेडिया चालत गेले.

पुढच्या शनिवारी मी येतो. चार ढाली आणतो. मधल्या ओळीत एक तिला द्या.